थोडक्या पैशांत जुने व्हिडिओ गेम

प्रश्न : नाशिकमध्ये राहून मोजक्या खर्चात जुने व्हिडिओ गेम जमवता येतील का?

उत्तर : येतील, मात्र महागड्या, सीलबंद परदेशी पेट्यांचा हव्यास सोडून भारतीय घरांत प्रत्यक्ष खेळल्या गेलेल्या यंत्रांपासून आरंभ करणे शहाणपणाचे. १९९०च्या दशकात येथे रुळलेली बहुतेक स्वस्त यंत्रे निन्टेन्डोने १९८३मध्ये जपानमध्ये आणलेल्या ‘फॅमिली कॉम्प्युटर’च्या अनधिकृत नकला होत्या. त्यांची कॅसेट, म्हणजे प्लॅस्टिकच्या कवचातील, खेळ साठवलेली चिपपट्टी, सहसा ६० पिनांची असते, तर त्याच यंत्राच्या अमेरिकी आवृत्तीची ७२ पिनांची असल्याने ती यांत थेट बसत नाही, हे खरेदीपूर्वी पाहावे. शोध प्रथम नातलगांच्या माळ्यांवर व भंगारवाल्यांकडे घ्यावा. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात भाजीपाल्याचेच राज्य असले, तरी तेथे फेरी मारण्यास पैसे पडत नाहीत. पावसाळी दमटपणाने पिनांवर चढलेला थर आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवलेल्या कापसाने पुसल्यास ‘बिघडलेली’ कॅसेट पुष्कळदा चालू लागते, म्हणून बंद कॅसेट नाममात्र किमतीत घेण्यास हरकत नाही; यंत्र मात्र टीव्हीला जोडून चालवून दाखवल्याखेरीज विकत घेऊ नये.