सुप्याचा दंगा आणि कॅनबेरातले गुहा

प्रश्न : मी सुप्याजवळच्या एका गावचा. सावकाराची खतं जाळल्याची गोष्ट आजोबा सांगायचे, त्यांनी ती त्यांच्या आज्याकडून ऐकलेली. परवा मुलाच्या कॉलेजातले सर म्हणाले, की या दंग्यावर रणजित गुहा नावाच्या बंगाली इतिहासकाराने लिहिलं आहे आणि ते ऑस्ट्रेलियात असत. हे गृहस्थ कोण? आणि सातासमुद्रापलीकडे बसून इथल्या कुणब्याच्या मनातलं कुणाला कसं कळतं?
— एक वाचक, ता. बारामती

उत्तर : आजोबांची गोष्ट सरकारी कागदांतही जवळपास तशीच आहे, हे आधी सांगतो. 12 मे 1875, सुप्याच्या बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतले कुणबी जमले, सावकारांच्या दुकानांवर गेले, वह्या आणि कर्जाची खतं मागितली आणि हाती आली ती जाळली. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरलं. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि त्याचा अहवाल 1878 साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला आलेली तेजी ओसरली होती, सारा वाढवला होता आणि उधार देणारे हात आखडले होते. तरीही दोष सरकारच्या साऱ्याचा नाही, सावकाराचा आहे, असा आयोगाचा एकूण सूर होता. साहेबाने नेमलेल्या आयोगाला साहेबाचा सारा कसा बोचणार, असं आज आपण सहज म्हणून जातो. तसं म्हणण्याची सवय आपल्याला ज्यांनी लावली, त्यांत गुहांचं नाव फार वरचं आहे.

तुमच्या सरांच्या माहितीत छोटी दुरुस्ती करतो. सुप्याचा उल्लेख ज्या पुस्तकात येतो, ते 'एलिमेंटरी आस्पेक्ट्स ऑफ पेझंट इन्सर्जन्सी इन कलोनियल इंडिया' हे पुस्तक 1983 साली निघालं. तेव्हा गुहा कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत होते खरे, पण पुस्तकामागचं बरंचसं काम सत्तरच्या दशकातलं आहे आणि त्या काळात ते इंग्लंडमध्ये, ससेक्स विद्यापीठात शिकवत होते. इंग्लंडचं महत्त्व असं, की कंपनी सरकारचा आणि पुढे इंडिया ऑफिसचा भलाथोरला पत्रव्यवहार लंडनमध्ये आहे. आपल्याकडे इतिहासकार म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो दप्तर उघडून रुमाल सोडणारा, मोडी लावणारा माणूस. कुणब्यांच्या आणि आदिवासींच्या उठावांचे रुमाल मात्र बव्हंशी साहेबाने बांधले. कलेक्टरचा अहवाल, फौजदाराची चिठ्ठी, पकडलेल्या माणसाची जबानी हीच ती सामग्री. तेव्हा सुप्याहून लंडन लांब आणि कागद मात्र लंडनलाच जवळ, असा उलटा मामला होता.

आता गृहस्थ कोण ते सांगतो. जन्म 23 मे 1923, पूर्व बंगालमधल्या बाखरगंज जिल्ह्यातल्या सिद्धकाटी गावचा. घर तालुकदाराचं. कॉर्नवॉलिसने 1793 साली बंगालमध्ये कायमधारा पद्धत आणली, तिच्यावर पोसलेल्या असंख्य घरांपैकी एक. ज्या जमिनी कधी पाहिल्याही नाहीत, त्यांच्या वसुलीवर आपलं घर चालत होतं, हे गुहांनी पुढे आपल्या पहिल्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच मोकळेपणाने लिहून टाकलं. शेतकऱ्याच्या बंडावर लिहिणारा माणूस खंड खाणाऱ्या घरातला! मला यात विसंगती दिसत नाही. वसुलीचा कागद काय करतो, हे ज्याच्या घरात तो कागद पेटीत असतो त्याला लवकर कळत असावं.

कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकताना ते कम्युनिस्ट झाले. 1947 च्या अखेरीस पक्षाने त्यांना पॅरिसला पाठवलं, जागतिक लोकशाही युवक महासंघाच्या कामासाठी. तिथून युरोपभर आणि त्यापलीकडेही फिरून 1953 मध्ये ते परतले. 1956 साली सोव्हिएत रणगाडे हंगेरीत शिरले आणि गुहांनी पक्ष सोडला. काही काळ कलकत्त्यात शिकवलं आणि 1959 साली इंग्लंड गाठलं. आधी मँचेस्टर, मग ससेक्स आणि 1980 पासून कॅनबेरा.

पहिलं पुस्तक 'अ रूल ऑफ प्रॉपर्टी फॉर बेंगॉल' 1963 साली निघालं. विषय तोच, घरचा : कायमधाऱ्याची कल्पना आली कुठून? जमीन हीच खरी संपत्ती असं मानणाऱ्या अठराव्या शतकातल्या फ्रेंच विचारवंतांपासून कंपनीच्या बंगाल कौन्सिलातल्या फिलिप फ्रान्सिसपर्यंत आणि तिथून कॉर्नवॉलिसपर्यंत ती कशी पोचली, याचा हा शोध आहे. युरोपात जी कल्पना सरंजामशाही मोडायला निघाली होती, तिनेच बंगालमध्ये नवे सरंजामदार उभे केले, हे त्याचं सार. पुस्तक फार देखणं आहे, पण त्यात कुळ बोलत नाही. बोलतात ते साहेब.

कुळ बोलायला लागलं ते 1970 नंतर. त्या वर्षी गुहा रजा घेऊन भारतात आले ते गांधींवर पुस्तक लिहायचं ठरवून. बंगालमध्ये नक्षलवादी चळवळीचे दिवस होते. कॉलेजातली मुलं खेड्यांकडे निघाली होती, पोलीस त्यांना उचलत होते, कोठड्यांत काय चाललं होतं याच्या बातम्या कानावर येत होत्या. गुहांनी गांधींचं पुस्तक बाजूला ठेवलं आणि शेतकऱ्यांच्या बंडांकडे वळले. वयाच्या सत्तेचाळिसाव्या-अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, एका पुस्तकाने नाव झालेलं असताना, हातातलं काम टाकून नवा विषय धरणं सोपं नव्हे. त्यानंतरचं पुस्तक यायला आणखी बारा-तेरा वर्षं गेली. आजच्या विद्यापीठांत वर्षाला किती निबंध छापले याची मोजणी होते, तिथे हा गृहस्थ टिकला असता का, असं मनात येतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. मनातलं कसं कळतं?

गुहांचा मार्ग असा. बंडखोराने स्वतः लिहून ठेवलेलं जवळजवळ काही नसतं. जे आहे ते त्याला दाबायला निघालेल्यांनी लिहिलेलं आहे. मग ते खोटं म्हणून फेकून द्यायचं का? गुहा म्हणाले, नाही, ते उलटं करून वाचा. दाबणाऱ्याच्या कागदात बंडखोर आरशातल्या प्रतिमेसारखा दिसतो, डाव्याचं उजवं झालेला. अहवालात 'दंगेखोर' असेल तिथे शेतकरी आहे असं समजा. 'शांततेचा भंग' असेल तिथे कुणीतरी जुनी घडी मोडायला निघालं आहे. 'धर्मवेडे' म्हटलं असेल तर त्यांची श्रद्धा काय होती ते पाहा. 1983 सालच्याच एका लांब निबंधात त्यांनी हे शब्द न् शब्द लावून दाखवलं, तेही दोन उठावांच्या कागदांवरून : बारासातचा 1831 चा तितू मीरचा आणि 1855 चा संथाळांचा.

साहेबांच्या लिखाणात बंड म्हणजे वणवा, भूकंप, साथ. आपोआप भडकतं आणि विझतं. आपल्या राष्ट्रवादी इतिहासकारांनी ते बंड मोठ्या लढ्याची पूर्वतयारी म्हणून खिशात घातलं, डाव्यांनी वर्गलढ्याची पहिली पायरी म्हणून. सगळ्यांनीच त्याला दुसऱ्या कशाच्या तरी दावणीला बांधलं. गुहांचं म्हणणं होतं, की या माणसाला डोकं होतं. घरदार, बैल, जीव पणाला लावणारी गोष्ट कुणी न कळता करत नाही. मग 1783 च्या रंगपूरच्या उठावापासून 1900 पर्यंत, म्हणजे बिरसा मुंडाच्या उलगुलानपर्यंत, शंभराहून अधिक वर्षांचे उठाव एकत्र मांडून त्यांनी त्यांतली समान रीत शोधली. निरोप कसा फिरतो, अफवा कुणाची असते, कुणाचं घर लुटतात आणि कुणाचं सोडतात, बडवण्याआधी काय हिसकावतात. संथाळांच्या उठावात गावोगाव सालवृक्षाची डहाळी फिरली. अधिकाऱ्याला ते गूढ कारस्थान वाटलं. गुहांना ती लिपी न येणाऱ्या समाजाची पत्रव्यवस्था दिसली.

याच नजरेने सुप्याकडे पाहा. दंग्यात माणसांना इजा फार कमी झाली, हे आयोगाच्याही लक्षात आलं होतं. रोख कागदावर होता. ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी कागद म्हणजे काय? आपल्या जुन्या खतांवर कुणब्याची सही नसे, नांगराची निशाणी असे. वर काय लिहिलं आहे ते लिहिणाऱ्याला ठाऊक, खाली निशाणी माझी आणि त्या निशाणीपायी जमीन जाते. अशा माणसाने धान्याच्या कोठाराआधी वही मागितली, तर तो वेडापिसा झालेला नाही. आपल्यावरची सत्ता नेमकी कुठे ठेवलेली आहे, हे त्याला बरोबर कळलं आहे. लिहिलेल्या शब्दाचा असा नाश हे शेतकऱ्याच्या बंडाचं ठळक लक्षण आहे, असं गुहा सांगतात. त्यांनी रंगवलेला बंडखोर आधी नकार देतो, मालकाच्या खुणा पुसतो. सुप्याच्या बाजारात नेमकं तेच झालं. पुढे 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. त्यात खतं कशी लिहायची, नोंदवायची यावरही नियम घातले गेले. कागद जाळणाऱ्यांचं म्हणणं सरकारला एवढं तरी समजलं होतं.

गुहा एकटे नव्हते, हेही सांगायला हवं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये त्यांच्याभोवती त्यांच्याहून बरीच लहान मंडळी जमली : शाहिद अमीन, ज्ञानेंद्र पांडे, डेव्हिड हार्डिमन, डेव्हिड अर्नोल्ड. पार्थ चटर्जी, दीपेश चक्रवर्ती, गौतम भद्र हेही त्यात होते. चर्चा झाल्या, भांडणं झाली आणि 1982 पासून 'सबाल्टर्न स्टडीज' या नावाने निबंधांचे खंड निघू लागले. पहिले सहा खंड गुहांनी संपादित केले. 'सबाल्टर्न' हा मूळचा फौजेतला शब्द, कॅप्टनखालचा अधिकारी. इटलीच्या ग्रामशी या मार्क्सवादी विचारवंताने तुरुंगातल्या वह्यांत त्याला दबलेल्यांचा अर्थ दिला. बंगालीत गुहांनी त्यासाठी 'निम्नवर्ग' शब्द वापरला. मराठीत कुणी 'निम्नवर्गीय' लिहितं, कुणी 'वंचित', कुणी सरळ 'सबाल्टर्न'. मला एकही पुरता पटलेला नाही. 'निम्नवर्गीय' म्हटलं की रेल्वेचा डबा आठवतो.

टीकाही पुष्कळ झाली आणि त्यातली एक आपल्याला जवळची आहे. रोझालिंड ओ'हॅन्लन यांचं जोतीराव फुल्यांवरचं पुस्तक इथल्या अभ्यासकांना माहीत आहे. 1988 साली त्यांनीच या मंडळींना खडे सवाल केले. तुमचा हा शेतकरी फारच एकसंध, फारच स्वयंभू नाही का? आणि यात बायका कुठे आहेत? मी म्हणेन, जातही कुठे आहे? गुहांचं मोठं पुस्तक 1983 चं. बरोबर शंभर वर्षं आधी, 1883 मध्ये, फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला होता. त्यात सावकार आहे तसा भटही आहे, कुलकर्णीही आहे, कचेरीतला कारकूनही आहे. नांगराच्या निशाणीवरच्या ओळी कुणी लिहिल्या, हे फुले नाव घेऊन सांगतात. ही धार गुहांच्या पुस्तकात मला तितकी सापडत नाही.

बायकांबद्दल मात्र गुहांनी 1987 साली एक निबंध लिहिला. त्यांचं एकच काही वाचणार असाल, तर हा वाचा, 'चंद्राज डेथ'. बीरभूम जिल्हा, 1849. बागदी जातीतली चंद्रा ही तरुणी नात्यातल्याच एका पुरुषापासून गरोदर राहिली. गर्भ पाडा, नाहीतर तिला वैष्णवांचा भेख घ्यायला लावा, असं त्याने तिच्या आईला बजावलं. भेख घेणं म्हणजे समाजातून उठणं. आईने आणि बहिणीने औषध मिळवलं, दिलं आणि त्यात चंद्रा गेली. उरल्या त्या गावच्या लेखणीने उतरवलेल्या काही ओळींच्या जबान्या. कायद्याच्या लेखी हा खून होता आणि आई-बहीण आरोपी. त्या तुटक्या कागदांतून गुहा एक एक बाई बाहेर काढतात : आई, बहीण, रात्रीच्या वेळी मदतीला धावलेल्या नात्यातल्या बाया. पोरीला वाळीत पडण्यापासून वाचवायला धडपडलेल्या. उठावांच्या पुस्तकातला हुशार, करडा गुहा इथे हळू आवाजात बोलतो.

1988 मध्ये ते निवृत्त झाले आणि पुढे ऑस्ट्रियात, व्हिएन्नाबाहेरच्या पुर्कर्सडॉर्फ गावी, पत्नी मेख्टहिल्ड यांच्यासह राहिले. त्या स्वतः मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. तिथे, ऐंशी ओलांडल्यावर, या माणसाने इंग्रजी बाजूला ठेवली आणि बंगालीत लिहायला घेतलं. रवींद्रनाथ, राममोहन राय, कवितेतली सर्वनामं, सहा ऋतू असे विषय. आजूबाजूला जर्मन बोलणारं गाव आणि घरात बंगालीतल्या 'मी'ची चिकित्सा चालू. पुस्तकं कलकत्त्यात छापली गेली. 28 एप्रिल 2023 ला ते पुर्कर्सडॉर्फमध्येच वारले. शंभरीला पंचवीस दिवस कमी होते.

तेव्हा परदेशात बसून कळतं का? कागदातलं कळतं, कधी कधी इथल्या माणसापेक्षा जास्त, कारण तिथे बसलेल्याला कुणाची भीड नसते. कागदात जे आलंच नाही ते मात्र कॅनबेराहूनही दिसत नाही आणि पुण्याहूनही नाही. तुमच्याकडे त्यातलं थोडं आहे. आजोबांची गोष्ट ऐकली तशी, त्यांच्याच बोलीत, वहीत उतरवून काढा. साल चुकलं तरी चालेल. जाळ कुठे लावला, वेशीशी की बाजारात, आपल्या घरातलं कोण गेलं होतं, कुणाचं खत होतं, पुढे त्या सावकाराशी घरोबा राहिला की तुटला, हे आठवेल तेवढं लिहा आणि एक प्रत आमच्याकडे पाठवा.