पांढरी काठी आणि खिशातले जीपीएस : निवडीपूर्वीचा विचार

दृष्टिहीन व्यक्तीच्या स्वतंत्र वावराला दोन वेगळ्या प्रकारची माहिती लागते. पुढच्या पावलाला खड्डा, पायरी किंवा आडवी लावलेली दुचाकी आहे काय, हे कळणे ही एक. आणि आपण कोणत्या रस्त्यावर, कोणत्या दिशेला तोंड करून उभे आहोत, हे कळणे ही दुसरी. पहिली माहिती पांढरी काठी देते व दुसरी जीपीएसवर चालणारे दिशादर्शक यंत्र देते, आणि या दोहोंपैकी एकही दुसऱ्याचे काम करू शकत नाही. ज्याचे काठीचे प्रशिक्षण पुरे झालेले नाही त्याने जीपीएससाठी पैसे खर्च करण्याची घाई करू नये, असे प्रस्तुत लेखकाचे अनुभवान्ती बनलेले ठाम मत आहे.

जीपीएस म्हणजे किमान चार उपग्रहांकडून येणाऱ्या संकेतांच्या वेळा मोजून पृथ्वीवरील स्थान ठरवणारी व्यवस्था. मे २००० पर्यंत अमेरिकी सरकार नागरी संकेतांत हेतुपुरस्सर त्रुटी मिसळत असे, त्यामुळे दाखवलेले स्थान १०० मीटरपर्यंतही चुकू शकत असे. ती त्रुटी काढून टाकल्यावर पायी चालणाऱ्यांना उपयोगी पडेल असे यंत्र करणे पुष्कळ सोपे झाले. आज मोकळ्या आकाशाखाली चांगल्या मोबाइलची चूक साधारण पाच मीटरच्या आसपास असते. डोळस माणसाला हे अंतर नगण्य वाटते, कारण तो नजरेने ते भरून काढतो. परंतु दृष्टिहीनाला त्या पाच मीटरांत रस्त्याची ही बाजू की ती, दवाखान्याचे दार की शेजारच्या दुकानाचे, एवढा फरक पडतो. पुण्याच्या पेठांतील अरुंद गल्ल्यांत संकेत इमारतींच्या भिंतींवर आपटून उशिरा पोचतात आणि चूक आणखी वाढते. मुंबईतल्या एखाद्या स्कायवॉकवर चालणारा माणूस वर आहे की खालच्या रस्त्यावर, हे ही यंत्रे भरवशाने सांगू शकत नाहीत, आणि भुयारी मेट्रो स्थानकात तर उपग्रहांचे संकेत पोचतच नाहीत.

यापेक्षाही अधिक घोटाळा होतो तो दिशेच्या बाबतीत. उपग्रहांवरून यंत्राला स्थान कळते, पण तोंड कोणीकडे आहे हे केवळ चालू लागल्यावर, आधीच्या व नंतरच्या स्थानांच्या तुलनेतून कळते. उभ्या माणसाची दिशा ठरवण्यासाठी यंत्र आतल्या चुंबकीय होकायंत्राचा आधार घेते आणि लोखंडी कठड्याजवळ किंवा बसच्या शेजारी ते होकायंत्र फसते. म्हणून बसमधून उतरल्याबरोबर ऐकू आलेल्या ‘डावीकडे वळा’ या सूचनेवर विसंबू नये; कठडा किंवा भिंत काठीने धरून सुरक्षित बाजूने थोडे अंतर सरळ चालावे आणि मग सूचना पुन्हा ऐकावी. ही गोष्ट माहितीपुस्तिकेत क्वचितच सापडते.

यंत्रांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. ट्रेकर ब्रीझसारखी खास दृष्टिहीनांसाठी बनवलेली स्वतंत्र यंत्रे हा पहिला वर्ग आणि स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली, असलेला मोबाइल हा दुसरा. अँड्रॉइडवरील टॉकबॅक आणि आयफोनवरील व्हॉइसओव्हर या दोन्ही प्रणाली २००९ मध्ये आल्या आणि तेव्हापासून स्वतंत्र यंत्रांची गरज पुष्कळ कमी झाली, तरी ती संपली असे म्हणता येत नाही. आषाढातल्या पावसात एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात छत्री असताना ओल्या काचेवर बोट फिरवून पाहिले, की बोटाने स्पष्ट ओळखू येणाऱ्या उठावदार बटणांची किंमत समजते, कारण पाण्याच्या थेंबांनाच स्पर्श समजून पडदा भलतेच काही उघडतो.

तथापि स्वतंत्र यंत्राच्या आयुष्याचा प्रश्न गंभीर असतो. प्रस्तुत लेखकाने वापरलेल्या अशा एका परदेशी यंत्राचे नकाशे काही काळाने अद्ययावत होणे बंद झाले, दुरुस्तीसाठी ते परदेशीच पाठवणे भाग होते, आणि सर्वांत वाईट म्हणजे त्यात स्वतःच्या आवाजात नोंदवलेल्या खुणा, जसे गल्लीच्या तोंडाशी असलेले देऊळ, बँकेची मागची पायरी, रिक्षाचा थांबा, दुसऱ्या कोणत्याही यंत्रात नेता येत नव्हत्या. नकाशा पुन्हा विकत मिळतो, पण पायांनी गोळा केलेल्या या खुणा मिळत नाहीत. याउलट नोकियाच्या जुन्या फोनांवर चालणाऱ्या लोडस्टोन या विनामूल्य प्रोग्राममध्ये वापरकर्ते आपापल्या खुणा एकमेकांना देत-घेत असत, आणि हा गुण आजही प्रत्येक साधनात शोधावा. जुन्या यंत्रांपुढे आणखी एक अडचण तारखेची असते : जीपीएसमधील आठवड्यांचा गणक दर १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो. ६ एप्रिल २०१९ रोजी तसे घडले, तेव्हा सुधारित प्रणाली न मिळालेली कित्येक जुनी यंत्रे चुकीची तारीख दाखवू लागली.

मोठ्या कंपनीचे नावही दीर्घायुष्याची हमी देत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये आणलेले साउंडस्केप हे अ‍ॅप, जे इच्छित ठिकाणाचा ध्वनी त्या-त्या दिशेच्या कानात वाजवून वाट सुचवत असे, २०२३ मध्ये बंद करण्यात आले; मात्र त्याची संगणकीय संहिता सर्वांसाठी खुली केल्यामुळे इतरांना त्यावरून नवी अ‍ॅप उभी करता आली. म्हणून साधन निवडताना ते खुल्या संहितेचे आहे काय आणि ओपनस्ट्रीटमॅपसारखा कोणालाही दुरुस्त करता येणारा नकाशा वापरते काय, हे दोन प्रश्न किमतीच्या आधी विचारावेत.

काठीवर बसणाऱ्या साधनांपैकी दिल्लीच्या आयआयटीत विकसित झालेली स्मार्टकेन येथे विशेष उल्लेखनीय आहे. माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडून ती गुडघ्यापासून डोक्यापर्यंतच्या उंचीचे, तीन मीटरपर्यंतचे अडथळे मुठीतील कंपनांनी कळवते. टपरीचा पुढे आलेला पत्रा किंवा ट्रकचा मागचा फाळका साध्या काठीला सापडत नाही, तो हिला सापडतो. खड्डा मात्र काठीच्या टोकानेच शोधायचा असतो.

कानांविषयी तडजोड करू नये. रहदारीचा आवाज हाच रस्ता ओलांडणाऱ्या दृष्टिहीनाचा मुख्य आधार असल्यामुळे दोन्ही कान बंद करणारे हेडफोन वर्ज्य मानावेत आणि गालाच्या हाडातून ध्वनी पोचवणारे वापरावेत. यंत्राचा आवाज मराठी आहे की नाही, हेही ऐकून घ्यावे, कारण इंग्रजी उच्चारांत वाचलेली मराठी नावे गर्दीत ओळखूच येत नाहीत.

मुंबईत वरळीचे नॅब (राष्ट्रीय अंध संघटना) किंवा झेवियर्स महाविद्यालयाचे दृष्टिहीनांसाठीचे साधनकेंद्र यांसारख्या ठिकाणी आधी जुन्या वापरकर्त्यांशी बोलावे, दिव्यांगांना सहायक साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतील साधनांची चालू यादी पाहावी आणि मगच दुकानात जावे. तेथे बसून केलेले प्रात्यक्षिक पुरेसे मानू नये; नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या गर्दीत, हातात काठी धरून यंत्र वापरून पाहू देण्यास जो विक्रेता तयार नसेल, त्याच्याकडून ते घेऊ नये.