शिवणयंत्रावर गोधडी : मोकळ्या हाताची शिवण कशी शिकावी

उन्हाळ्यात शेतीची कामे थोडी ओसरली की गोधड्या शिवावयास काढण्याची आपल्याकडील चाल जुनी आहे. जुनी लुगडी, साड्या व धोतरे एकावर एक पसरून, हाताने धावदोरा घालून केलेली ही गोधडी (काही भागांत हिलाच वाकळ म्हणतात) ऊबदार व टिकाऊ असते यात शंका नाही. तथापि एक मोठी गोधडी हाताने पुरी करावयास कित्येक आठवडे लागतात, आणि डोळ्यांवर व बोटांवर ताण पडतो तो निराळाच. ज्या घरी शिवणयंत्र आहे तेथेही त्याचा उपयोग बहुधा झंपर-परकर शिवण्यापुरताच होतो. वास्तविक त्याच यंत्रावर गोधडीची वळणदार शिवण घालता येते. मात्र ती क्रमाने शिकली पाहिजे. तो क्रम सोडल्यास मोलाचे कापड वाया जाते.

या शिवणीचे मूळ तत्त्व शेतकरी भगिनींना समजावून सांगण्यास पाभरीचा दाखला पुरेसा आहे. पेरताना बैलांची चाल व चाड्यावरची मूठ यांचा मेळ बसला नाही, तर बी कोठे दाट व कोठे विरळ पडते. नेहमीच्या शिवणीत सुईखालचे दाते कापड ठराविक अंतराने पुढे सरकवितात, म्हणून टाके आपोआप सारखे पडतात. मोकळ्या हाताच्या शिवणीत हे दाते कामातून काढून टाकावयाचे असतात. सुई फक्त वरखाली होते. कापड पुढे, मागे वा बाजूला नेण्याचे काम सर्वस्वी हातांचे. पाय जलद व हात मंद असल्यास टाके दाट पडतात. हात जलद व पाय मंद असल्यास लांब पडतात. हा मेळ साधणे म्हणजेच ही विद्या शिकणे होय.

पूर्वतयारी

कापड स्वच्छ धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. नऊवारी लुगड्याचे चार सारखे भाग केल्यास प्रत्येक भाग सव्वादोन वार, म्हणजे ६ फूट ९ इंच लांबीचा होतो. पन्हा सुमारे ४५ इंच धरल्यास एका माणसास पुरेल अशी चौपदरी गोधडी एका लुगड्यातून निघते. विरलेला भाग मधल्या थरांत घालावा. घरगुती यंत्रावर पातळ सुती कापडाचे चार थर सहज शिवले जातात. त्याहून फार जाड गोधडी हातानेच शिवणे हितावह होय. सर्व थर सपाट पसरून मध्यापासून कडेकडे, चार-चार इंचांवर कच्चा दोरा घालावा. असे न केल्यास थर एकमेकांवरून सरकून खालच्या बाजूस चुण्या पडतात.

यंत्राची मांडणी

हाताने फिरवावयाच्या यंत्रावर एक हात चाकात गुंततो. म्हणून हे काम पायाने वा विजेवर चालणाऱ्या यंत्रावरच शिकावे. यंत्रास दाते खाली घेण्याची सोय असल्यास ते खाली घ्यावेत. नसल्यास त्यांवर झाकणपट्टी बसवावी, किंवा टाक्याची लांबी शून्यावर आणावी. नेहमीचा फूट काढून रफूचा, म्हणजे स्प्रिंग असलेला फूट लावावा. सुई नवी, १४ किंवा १६ नंबरची असावी.

यानंतर सर्वांत महत्त्वाची गोष्ट : फुटाची दांडी खाली करण्यास विसरू नये. हा फूट कापडावर घट्ट बसत नाही, त्यामुळे दांडी वर आहे की खाली हे सहजी लक्षात येत नाही. दांडी वर राहिल्यास वरच्या दोऱ्यावर ताण येत नाही आणि कापडाखाली दोऱ्याचे जाळे होते. प्रस्तुत लेखकाने हे काम प्रथम केले ते सराव न करता, थेट आईच्या जुन्या लुगड्यावर. वरून शिवण ठीक दिसत होती; उलटून पाहिले तेव्हा खाली गुंताच गुंता होता. तो कापून काढताना विरलेले कापड फाटले. आईने बोल लावला नाही, परंतु ते लुगडे परत येणारे नव्हते. म्हणून पहिला सराव चिंध्यांवरच करावा, हे आग्रहाने सांगावेसे वाटते.

हातांचा सराव

जुन्या धोतराचे एक फूट लांब-रुंद तुकडे तीन पदरी करून घ्यावेत. चाक एकदा फिरवून खालचा दोरा वर काढावा, दोन्ही दोरे धरून जागच्या जागी तीन-चार बारीक टाके घालावेत व मग पुढे जावे. दोन्ही हात सुईपासून किमान दोन इंच दूर, कापडावर सपाट ठेवावेत. प्रथम सरळ रेघा, नंतर नागमोडी रेघा व शेवटी ‘ळ’ या अक्षराची न तुटणारी साखळी काढावी. अक्षराचे वळण हातास आधीच ठाऊक असल्याने मन वेगाकडे देता येते. इंचात ८ ते १० टाके पडू लागले म्हणजे मेळ बसला असे समजावे. रोज अर्धा तास सराव करावा आणि हात बसल्यावरच गोधडीस हात घालावा.

गोधडी मध्यापासून शिवावी. दोन्ही बाजू गुंडाळून यंत्राच्या मानेखाली घ्याव्यात आणि तिचा भार शेजारच्या टेबलावर वा बाजेवर ठेवावा; लोंबता भार हातांस ओढतो. थांबताना सुई कापडात रुतलेली असावी. दोन ओळींत दीड ते दोन इंच अंतर ठेवावे; फार दाट शिवल्यास गोधडी ताठ होते व तिचा मऊपणा जातो.

दोष व उपाय

१. सुई मोडणे : सुई कापडात असताना कापड ओढले गेल्याने ती वाकून पट्टीवर आपटते. हात हळू चालवावा.
२. टाके सुटणे : कापड सुईबरोबर वर उचलले जाते किंवा सुई बोथट झालेली असते. कापड दाबून धरावे, सुई बदलावी.
३. वळणावर खालच्या बाजूस दोऱ्याचे फास : वळताना हात एकदम जलद होतो. पायाचा वेग कायम ठेवून हात आवरावा.

यंत्रावरचे काम हातच्या कामापेक्षा हलके, असा समज आपल्याकडे आहे व तो परदेशातही होता. अमेरिकेत पाडुका येथील गोधड्यांच्या राष्ट्रीय प्रदर्शनात १९८९ साली कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या यंत्रावर शिवलेल्या गोधडीस सर्वोत्कृष्ट ठरविण्यात आले. तेथे यंत्राच्या गोधडीस हा मान प्रथमच मिळाला. हातची गोधडी टाकून द्यावी असे आमचे म्हणणे नाही. परंतु ज्या भगिनींची दृष्टी मंदावली आहे किंवा ज्यांना सवड थोडी आहे, त्यांनी घरच्या यंत्रावर ही शिवण अवश्य शिकावी. मात्र आधी चिंध्या, मग जुनी धोतरे आणि अखेर आईचे लुगडे, हा क्रम मोडू नये.