मोहफूल आणि वाघाची जीभ
मुलांनो, मार्च-एप्रिलमध्ये नागझिऱ्याच्या आसपासच्या जंगलात पहाटे मोहफुले टपटप गळतात. ती वेचायला गावची माणसे जातात आणि तीच खायला अस्वलही येते. वाघ मात्र त्या फुलांना तोंड लावत नाही. असे का?

एक प्रयोग करा. जीभ स्वच्छ रुमालाने कोरडी पुसा व तिच्यावर साखरेचे चार दाणे ठेवा. क्षणभर काहीच कळणार नाही. लाळ सुटून साखर विरघळली, की गोडी लागेल. ही लाळ मुख्यतः लाळग्रंथींच्या तीन जोड्यांतून येते. त्या कानांजवळ, खालच्या जबड्याखाली व जिभेखाली असतात. (गालगुंड झाले की सुजते ती बहुधा कानाजवळची ग्रंथी!) दिवसभरात सुमारे १ लिटर लाळ तयार होते.

विरघळलेला पदार्थ जिभेवरील रुचिकलिकांत शिरतो. तेथील पेशी चव ओळखून मज्जातंतूंमार्फत मेंदूला कळवतात. टोकाला गोड, मागे कडू, असा जिभेचा नकाशा जुन्या पुस्तकांत दिसतो. तो चुकीचा आहे.

लाळ आणि रुचिकलिका वाघालाही आहेत. पण गोडी ओळखण्यासाठी लागणारे एक जनुक मार्जारकुळात निकामी झाले आहे, हे २००५ साली उघड झाले. अस्वलाला मात्र मध आणि मोहफुले फार आवडतात. म्हणून पहाटेच्या अंधारात माणूस आणि अस्वल एकाच झाडाखाली समोरासमोर येतात.