अभ्रक : इस्तरीपासून विमानापर्यंत

जुन्या धाटणीची विजेची इस्तरी उघडून पाहिली, तर तापणारी तार कागदासारख्या पातळ, चकचकीत पत्र्यावर गुंडाळलेली आढळते. हा पत्रा धातूचा नव्हे, अभ्रकाचा असतो. शिक्षकांनी पाठापूर्वी अभ्रकाचा एखादा तुकडा मिळवावा व वर्गासमोर सुईच्या टोकाने त्याचे पापुद्रे सोडवून दाखवावेत. वर्णनाने जे साधत नाही ते या एका कृतीने साधते.

अभ्रकातून वीज वाहत नाही आणि सहज न वितळता ते पुष्कळ उष्णता सोसते. हे दोन्ही गुण असून शिवाय हवे तितके पातळ होणारे पदार्थ विरळाच. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात (1939–1945) या खनिजाला मोठे महत्त्व आले. रेडिओ व रडार यांच्या निर्वात नळ्या, विद्युत्‌संग्राहक, विमानाच्या इंजिनात ठिणगी पाडणारे प्लग, या सर्वांस ते लागे. उत्तम अभ्रक मुख्यतः हिंदुस्थानातून मिळे. म्हणून 1942 साली ब्रिटन व अमेरिका यांनी खरेदीसाठी संयुक्त अभ्रक मंडळ येथे स्थापिले.

हा माल निघे तो बिहारमधील हजारीबाग व गया या भागांत आणि मद्रास इलाख्यातील नेल्लोरकडे. खाणीतून निघणाऱ्या ठोकळ्यास तेथील धंद्यात ‘पुस्तक’ म्हणत, आणि ते नाव यथार्थच आहे. या पुस्तकाची पाने मात्र हातानेच सोडवावी लागत. मिलिमीटरच्या तीस-चाळिसाव्या भागाइतका पातळ पापुद्रा सुरीने अलग करण्याचे काम बहुधा स्त्रिया व मुले करीत. आकाशात उडणारे विमान अशा रीतीने एखाद्या खेड्यातील ओसरीशी बांधलेले होते.

पाठाचा यापुढील भाग शिक्षकांनी घाईने उरकू नये. युद्धानंतर ट्रान्झिस्टर आले, निर्वात नळ्या मागे पडल्या आणि मोठ्या पत्र्यांची मागणी ओसरली. 1980 च्या वनसंरक्षण कायद्यानंतर अनेक खाणी बंद झाल्या. परंतु अभ्रकाची पूड रंगांस व सौंदर्यप्रसाधनांस चकाकी देते. तिच्यासाठी जुन्या ढिगाऱ्यांतून तुकडे वेचणे चालूच राहिले. त्या तुकड्यांस तिकडे ‘ढिबरा’ म्हणतात. कोडरमा व गिरिडीह हे जिल्हे 2000 सालापासून झारखंडात आहेत. तेथे राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने केलेल्या पाहणीत शाळेऐवजी ढिबरा वेचण्यास जाणारी मुले आढळली. दरड कोसळून वेचणारी माणसे दगावतात, त्यांत मुलेही असतात.