आधी लॉट नंबर, मग कंपनी

कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य मिळवलं, तेव्हापासून सांगली-कोल्हापूरकडच्या घराघरांत रायफलीची चर्चा आहे. एअर रायफलवरून पॉइंट टू-टू (.२२) रायफलीकडे वळणाऱ्या मुलांचे पालक सांगलीत विश्रामबागला माझ्या घरी येतात. रायफल कुठल्या कंपनीची घ्यावी, सेकंडहँड चालेल का, एवढंच विचारतात. काडतुसाचा विषय मलाच काढावा लागतो, कारण माझे हात पोळले ते तिथेच.

राज्य स्पर्धा तोंडावर आली होती. माझ्या रायफलीला जमलेल्या लॉटचाच, म्हणजे कारखान्यात एकत्र बनलेल्या त्याच खेपेचा, माल हवा, असं मी विक्रेत्याला बजावलं होतं. ‘तोच आहे, निर्धास्त राहा,’ म्हणत त्याने आगाऊ पैसे घेतले. वरच्या खोक्यांवरचा नंबर बरोबर होता, खालच्यांवरचा वेगळा. पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर प्रोनमध्ये (पालथं झोपून) सुरुवातीच्या गोळ्या छान गेल्या, मग एक गोळी दहाच्या वर, एक खाली. वाऱ्याने गोळी मुख्यतः डावी-उजवीकडे सरकते. इथे सगळे शॉट उभ्या रेषेत पडत होते, म्हणजे दोष वेगात होता. परत आल्यावर जाब विचारला, तर उत्तर मिळालं, ‘कंपनी तर तीच आहे ना!’

कंपनी तीच असून भागत नाही. मॅचच्या काडतुसाची गोळी सेकंदाला साधारण ३२५ मीटर वेगाने निघते. तो वेग मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवलेला असतो. त्यात दहा मीटरचा फरक पडला, तर ५० मीटरवर गोळी साधारण सात मिलिमीटर वर किंवा खाली लागते. टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटर व्यासाचं. दशांश गुणांत सांगायचं तर १०.९चा, म्हणजे अगदी मधोमधचा, शॉट १०.१च्या आसपास येतो. तुमचा श्वास, ट्रिगर सगळं चोख असूनही!

वालचंद कॉलेजची पोरं व्हिडिओ पाहून येतात आणि दीड-दोन मैलांवर मारा करणाऱ्या .३३८ लापुआ मॅग्नम, .३७५ चेटॅकबद्दल विचारतात. त्या काडतुसांची पितळी पुंगळी पुन्हा भरून वापरतात. नेमबाज पुंगळ्या वजनाने वेगळ्या करतो, कडक झालेली मान तापवून मऊ करतो, ठिणगी देणाऱ्या प्रायमरचा खळगा सैल झाला की पुंगळी फेकतो. एक काडतूस दुसऱ्यासारखंच व्हावं, यासाठी ही सगळी खटपट. पॉइंट टू-टूत ती सोय नाही. पेट घेणारं रसायन पुंगळीच्या बुडाच्या कडेतच असतं आणि फायरिंग पिन ती कड चेपते. पुंगळी एकदाच कामाची. सारखेपणा कारखान्यात ठरतो, आपण तो निवडून विकत घ्यायचा. शिवाय आपल्याकडे काडतूस बनवायलाही शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे परवाना लागतो. म्हणून बोअर, म्हणजे नळीचं माप, ठरवण्याआधी पाहा : परवान्यात काय बसतं, काडतूस वर्षभर मिळतं का आणि सरावाला रेंज आहे का.

लॉट पारखायची रीत अशी. एले, लापुआ, आरडब्ल्यूएस, एसके, जे मिळेल त्याच्या दोन-तीन लॉटची एकेक पेटी आणा. रायफल क्लॅम्पमध्ये किंवा वाळूच्या पिशवीवर टेकवून एकाच दिवशी, आलटून-पालटून, दहा-दहा गोळ्यांचे निदान चार ग्रुप घ्या. पाच गोळ्यांचा देखणा ग्रुप बहुतेकदा नशिबाचा असतो. काडतूस बदललं की आधी काही गोळ्या मोकळ्या सोडा, कारण प्रत्येकाचं वंगण वेगळं आणि बॅरलला ते बसायला वेळ लागतो. सगळ्यात घट्ट ग्रुपपेक्षा सगळ्यात वाईट ग्रुप कोणत्या लॉटचा लहान, ते पाहा. स्पर्धेत गुण तोच लॉट वाचवतो. मित्राच्या रायफलीला जमलेला लॉट तुमच्या चेंबरला जमेलच असं नाही. महागडा डबा हरतो आणि सरावाचा साधा माल जिंकतो, हेही मी पाहिलंय.

लॉट ठरला की परवान्यावरच्या मर्यादेत बसेल तेवढा तोच एकदम उचला. बिलावर लॉट नंबर लिहून घ्या आणि प्रत्येक खोकं विक्रेत्यासमोरच पलटून पाहा. एप्रिल-मेच्या उन्हात काडतुसं गाडीत ठेवू नका. वंगण पातळ होतं, वेग बदलतो. स्पर्धेचा लॉट सरावात संपवू नका.

पालकांनो, रायफलीसाठी पैसे बाजूला काढत असाल, तर त्यातले थोडे लॉटच्या चाचणीसाठी राखून ठेवा. मुलाचा स्कोअर घसरला की त्याला बोल लावण्याआधी खोक्यावरचा नंबर तपासा.