जीएनएम की बीएस्सी? आधी खाटा मोजा

बारावीचा निकाल लागला की सोलापुरातल्या बऱ्याच घरांत एकच हिशेब सुरू होतो. मुलीला बायोलॉजी होतं, नीट दिली, पण गुण एमबीबीएसपर्यंत पोहोचले नाहीत. बीडीएस परवडत नाही. मग कुणीतरी नर्सिंगचं नाव काढतं आणि घरात दोन तट पडतात. आई म्हणते, नोकरी लवकर लागेल. आजी म्हणते, रात्रपाळी करणाऱ्या मुलीला स्थळं कुठून यायची? वडील गप्प असतात, कारण त्यांच्या मनातला प्रश्न वेगळा असतो. चार वर्षांची डिग्री करू द्यायची, की तीन वर्षांत डिप्लोमा घेऊन पोरगी कमावती होऊ द्यायची?

माझं मत आधीच सांगून टाकतो. डिप्लोमा की डिग्री हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा की मुलगी शिकणार आहे त्या कॉलेजला खरंखुरं, पेशंटनी भरलेलं रुग्णालय आहे का?

तरीही डिप्लोम्याबद्दलचा कमीपणा आधी काढून टाकू. अमेरिकेत नर्स व्हायला चार वर्षांची पदवी लागतेच असं नाही. तिथल्या कम्युनिटी कॉलेजांत सुमारे दोन वर्षांची असोसिएट डिग्री मिळते, आणि ती घेतलेली मुलगी पदवीधर नर्सच्या बरोबरीने तीच एनक्लेक्स-आरएन परीक्षा देते. पास झाली की दोघींचा परवाना एकच. पुढे नोकरी सांभाळून पदवी पूर्ण करायची सोय असते आणि अनेकजणी ती करतात. आपल्याकडे जीएनएमचा रस्ता जवळजवळ असाच आहे. तीन वर्षांचा डिप्लोमा, मग महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी, मग नोकरी, आणि पुढे जमेल तेव्हा दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी. म्हणजे आज डिप्लोमा घेतला म्हणून पदवीचं दार कायमचं बंद होत नाही.

जीएनएमला बारावी कोणत्याही शाखेची चालते, सायन्सला प्राधान्य असतं. इंग्रजी विषय आणि एकूण ४० टक्के गुण लागतात. मुलगेही प्रवेश घेऊ शकतात, हे अनेक पालकांना माहीतच नसतं. परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं, आठ सेमिस्टरचं. त्याला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं, खुल्या गटाला ४५ टक्के, आणि राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा. पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. एएनएम दोन वर्षांचं, फक्त मुलींसाठी. त्यातून जिल्हा परिषदेत आरोग्यसेविका होता येतं. दरवर्षीची माहितीपुस्तिका सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर येते. ती स्वतः वाचा, कॉलेजच्या काउंटरवरच्या माणसाच्या तोंडून ऐकू नका.

आता पैशांचं. सरकारी रुग्णालयांतल्या अधिपरिचारिकेच्या पदाला जीएनएम आणि बीएस्सी दोघींनाही अर्ज करता येतो. वैद्यकीय शिक्षण विभागाच्या भरतीत या पदाची वेतनश्रेणी ३५,४०० ते १,१२,४०० होती. जिल्हा परिषदेच्या आरोग्यसेविकेची २५,५०० ते ८१,१००. एम्समधल्या नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन ४४,९०० पासून सुरू होतं. त्यासाठी नॉरसेट ही देशपातळीवरची परीक्षा द्यावी लागते. बीएस्सीवाल्या ती थेट देऊ शकतात, जीएनएमवाल्यांना किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. गावातल्या आरोग्य उपकेंद्रावरच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या पदालाही नर्सिंगमधून यायचं तर बीएस्सीच चालतं. डिग्रीचा खरा फायदा अशा ठिकाणी दिसतो. ज्यांना नीटचे बरे गुण आहेत अशा अविवाहित मुलींनी लष्कराच्या मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसचाही विचार करावा. पुण्याच्या एएफएमसीत त्याच्या चाळीस जागा असतात आणि शिक्षण संपल्यावर मुलगी लष्करात अधिकारी होते.

खासगीतलं चित्र मात्र गुळगुळीत करून सांगण्यात अर्थ नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने शिफारस केली होती की ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही नर्सला महिन्याला किमान २०,००० रुपये मिळावेत, आणि २०० पेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयांनी राज्य सरकारच्या बरोबरीने पगार द्यावा. छोट्या नर्सिंग होममध्ये विचारून बघा, ही शिफारस कुणाच्या कानावरही गेलेली नसते. तिथे नव्या मुलीला फार कमी पैशांत राबवतात आणि वर 'अनुभव मिळतोय ना' हे ऐकवतात. पहिलं वर्ष-दीड वर्ष असं जाऊ शकतं. हे प्रवेशाआधीच माहीत असलेलं बरं, म्हणजे कर्ज काढताना आकडा भान ठेवून मांडता येतो. फी भरायचीच असेल तर आधी शिष्यवृत्तीचं दार ठोठवा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्नाच्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घाईने जागा पक्की करणारे पालक ही सवलत स्वतःच्या हाताने घालवतात.

मी खाटा मोजायला का सांगतोय, तेही सांगतो. नर्सिंग हे वर्गात बसून शिकायचं काम नाही. सलाइन लावताना शीर कशी सापडते, ऑपरेशन झालेल्या पेशंटचा बीपी खाली जायला लागला तर डॉक्टरला हाक कधी मारायची, ड्यूटी बदलताना पुढच्या नर्सला पेशंटची माहिती कशी द्यायची, हे वॉर्डात उभं राहूनच येतं. म्हणून नर्सिंग कॉलेजला किमान शंभर खाटांचं स्वतःचं रुग्णालय असावं असा भारतीय परिचर्या परिषदेचा नियम आहे. तपासणीच्या दिवशी सगळ्या खाटा भरलेल्या दिसणं आणि एरवीही त्या भरलेल्या असणं यात फरक असतो. रिकाम्या वॉर्डात तीन वर्षं काढलेली मुलगी म्हणजे विहिरीच्या काठावर बसून पोहायला शिकलेली. पहिल्या नोकरीत पहिल्याच रात्री ते उघडं पडतं.

सोलापूरच्या मुलांना या बाबतीत एक मोठी जमेची बाजू आहे आणि ती इथल्याच लोकांना दिसत नाही. आपल्या सिव्हिलमध्ये, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, फक्त शहरातले पेशंट येत नाहीत. धाराशिव, लातूरकडून येतात, सीमेपलीकडून कलबुर्गी, विजयपूरकडूनही येतात. अश्विनी सहकारी रुग्णालय, बार्शीचं जगदाळे मामा रुग्णालय, तिथलंच नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, इतकं वैविध्य एका जिल्ह्यात आहे. शिवाय पूर्व भागात वाढलेली मुलगी तेलुगू बोलते, अक्कलकोटची कन्नड बोलते, आणि दोघींनाही मराठी-हिंदी येतंच. घाबरलेल्या म्हाताऱ्या बाईला तिच्या भाषेत 'कुठं दुखतंय' विचारता येणं ही वॉर्डात कामाची गोष्ट आहे. पुण्यातल्या किंवा हैदराबादच्या मोठ्या रुग्णालयात मुलाखतीला जाल तेव्हा हे आवर्जून सांगा. आपली मुलं तिथे फक्त टक्केवारी सांगतात.

आजींच्या प्रश्नालाही उत्तर द्यायला हवं. याच गावातले डॉ. द्वारकानाथ कोटणीस रुग्णसेवेसाठी चीनमध्ये गेले आणि गावाने त्यांचं स्मारक अभिमानाने जपलं. त्यांनी तिथे ज्या को छिंगलान यांच्याशी लग्न केलं त्या नर्स होत्या, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं. स्थळांची काळजी खोटी नाही, पण सरकारी नोकरीतल्या नर्सची स्थळं अडतात असं मला तरी दिसत नाही. अडचण खरी आहे ती रात्रपाळीनंतर घरी सुखरूप येण्याची. म्हणून हॉस्टेल कुठे आहे आणि रात्रीच्या ड्यूटीला ने-आण कोण करतं, हा प्रश्न कॉलेजला विचारताना संकोचू नका.

परदेशाचं स्वप्न असेल तर जरा थांबून ऐका. ह्यूस्टनमधला मामा म्हणतो, 'पाठवा तिला इकडे, कम्युनिटी कॉलेज करेल.' मामाचा हेतू चांगला असतो. पण परदेशी विद्यार्थ्यांना तिथे जास्त फी पडते, नर्सिंगच्या जागा मर्यादित असतात, आणि असोसिएट डिग्रीवर नंतर एच-वन-बी व्हिसा मिळणं अवघड असतं, कारण साध्या नर्सच्या कामाला तिथे पदवी सक्तीची मानत नाहीत. त्यापेक्षा इथे शिकून, नोंदणी करून, अनुभव घेऊन एनक्लेक्स देणं स्वस्त पडतं. ती परीक्षा भारतातल्या केंद्रांवरही देता येते आणि अमेरिकेतली अनेक राज्यं जीएनएमवाल्यांनाही बसू देतात. मात्र भारतीयांसाठी ग्रीन कार्डाची रांग दहा वर्षांहून लांब आहे. जर्मनीचा रस्ता सध्या जवळचा वाटतो. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि त्यात नर्सेसही आहेत. पण नर्स म्हणून मान्यता मिळवायला जर्मन भाषा बी-टू पातळीपर्यंत शिकावी लागते, आणि त्याला वर्षभर घासावं लागतं. 'सहा महिन्यांत पाठवतो' म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा.

एजंट म्हटल्यावर आणखी एक. 'हजेरी नको, फक्त परीक्षेला या' असे फोन निकालाच्या दिवसांत येतात. 'एका वर्षात नर्सिंग कोर्स, नोकरीची हमी' असे फलकही दिसतात. एक वर्षाच्या कोर्सवर परिचर्या परिषदेत नर्स म्हणून नोंदणी होत नाही. अशी मुलगी रुग्णालयात सहायक म्हणून काम करू शकते, नर्स म्हणून नाही, आणि सरकारी भरतीत तिचा अर्जही घेतला जात नाही. परराज्यातलं कॉलेज असेल तर त्याच्या शिक्षणावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी मिळेल का, हे परिषदेलाच लेखी विचारा. आणि मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला कॉलेजकडे देताना पोच घ्या. मध्येच कॉलेज बदलायची वेळ आली की तेच कागद अडवले जातात.

तर निवड अशी करा. घरात चार वर्षं थांबायची ताकद असेल आणि सीईटीत चांगल्या रुग्णालयाचं कॉलेज मिळत असेल, तर बीएस्सी. घराला तीन वर्षांत पगार हवा असेल आणि जीएनएमचं चांगलं स्कूल मिळत असेल, तर जीएनएम, बिनधास्त. पण फीचा पहिला हप्ता भरण्याआधी मुलीला घेऊन एकदा त्या रुग्णालयात जा. आगाऊ फोन न करता, एखाद्या साध्या मंगळवारी, भेटीच्या वेळेत. किती खाटांवर पेशंट आहेत ते बघा, आणि ड्यूटीवरच्या विद्यार्थिनीला विचारा की आज तिने काय केलं. तिचं उत्तर ऐकून मगच पैसे भरा.